पहिल्या पोत्याला हात

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की दिवाळी नुकतीच सरलीय, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आभाळात कापसाच्या बोंडाएवढाही ढग नाही. वारा कोरडा. आडत बाजारातली रिकामी पोती तो उचलून आपटायचा आणि धूळ थेट चहाच्या बशीत आणून टाकायचा. पाऊस त्या वर्षी आला कधी आणि गेला कधी, हे लोकांना विचारावं लागायचं. लातूर नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाट्या नव्या, ऑफिसं नवी, साहेब नवे. पाणी तेवढं जुनंच, तेही चार दिवसांनी!

अशा उन्हात चन्नाप्पा शेठनं मला दुकानावर बोलावलं. गादीवरून उठून बाहेर आले आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाले, "नागूराव, असं ऊन वाळवणीला कुठं मिळत न्हाई बघा. डाळ मिल उभी केली, मशीन आली. माणसं तेवढी ऱ्हायली. संक्रांतीच्या आत बिदरकडून नवी तूर यायली. मला माणसं पाहिजेत. बरी न्हाईत, चांगली!"

मी म्हणालो, "देतो."

आता मी कोण? बाजारातल्या हमालांचा मुकादम. शाळेचं तोंड बघितलं नाही. अक्षरं शिकलो ती पोत्यांवरच्या छापावरून, म्हणून माझं अक्षर अजून टपोरं येतं आणि एका पानात फार मावत नाही. पण जिल्हा झाल्यापासून ज्याला त्याला माणूस पाहिजे होता आणि जो तो म्हणायचा, "नागूमामाला विचारा." माणसं शोधत हिंडलं की किस्से जमतातच. त्यांची थप्पी लागते. मधलं एक पोतं ओढावं तर वरची चार अंगावर येतात. आली तशी सांगतो.

*

आधी आमचा एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या बाजारात नवा माणूस कामाला लागला की त्याला आणणाऱ्यानं पहिल्या पोत्याला हात लावायचा. दोघांनी मिळून ते पोतं उचलायचं. एकदा हात लावला की महिनाभर त्या माणसाचा जिम्मा तुमचा. तो आला नाही तर त्याच्या जागी तुम्ही उभं राहायचं. कागद नाही, सही नाही. हात नाही तर काम नाही. शेठलोकही हे मानायचे.

माझे उस्ताद महादू मुकादम यांनी त्यात आणखी एक कलम घातलं होतं. रक्ताच्या माणसाला हात लावायचा नाही. मी विचारलं होतं, "का उस्ताद?" ते म्हणाले, "आपल्या माणसाचं वजन आपल्याला कळतच न्हाई रे!"

तीस वर्षं मी हे पाळलं. आणि त्याच वर्षी माझी लेक गिरजा लोह्याहून परत आली.

तिचा नवरा तापानं गेला होता. सासरी दिरानं तिला ठेवून घेतलं, पण माणूस म्हणून नाही. चार घरचं काम एकटीवर. एका सकाळी ती एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. दिराचा निरोप मागोमाग आलाच, "संक्रांत झाली की न्यायला येतो." गिरजा मला एवढंच म्हणाली, "आबा, तोवर मला कुठं काम लागलं तर मी जाणार न्हाई. न्हाई लागलं तर कोणत्या तोंडानं थांबू?"

मी सगळ्या जिल्ह्याला माणसं देणारा. मी खाली बघितलं.

*

शेठच्या माणसांआधी एका नव्या साहेबांचं सांगतो. त्यांना ड्रायव्हर पाहिजे होता. तिघं आले होते, तिघांकडं लायसन, तिघं म्हणायचे गाडी म्हणजे माझा जीव. साहेब म्हणाले, "मामा, तुम्हीच निवडा."

मला गाडीतलं काय कळतं? मी नांदेड रोडला पंक्चरवाल्याकडं गेलो. तिघांची नावं सांगितली.

पहिलं नाव ऐकून तो म्हणाला, "वळखतो की! आठ दिवसाला येतो."

दुसरं नाव. "ह्यो तर आपला दोस्त हाय. कालच चहा घेतला संगट."

तिसरं नाव ऐकून त्यानं लई वेळ डोकं खाजवलं. म्हणाला, "न्हाई बा. ह्याला मी वळखत न्हाई."

मी साहेबांना तिसऱ्याचं नाव सांगितलं! साहेबांची बदली होईपर्यंत तोच होता.

*

आता मिलचं. मिलला सगळ्यांत आधी लागतो मिस्त्री. तूर ज्या रोलरखाली सोलली जाते, त्याची फट त्याला लावता आली पाहिजे. फट जरा कमी झाली की डाळीचा चुरा, जरा जास्त झाली की साल तसंच.

असा एक जण हिमायतनगरकडं आहे, असं कानावर आलं. मी एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, "तिकडच्या स्टँडवर निरोप टाका, रोलरचा माणूस पाहिजे म्हणावं."

चौथ्या दिवशी दुपारी दारात सात माणसं! हातात फडकी, पायांवर धूळ. गावाकडं काम नव्हतं, त्यात पोटं खपाटीला. आधी त्यांना बसवलं. गिरजानं आणि तिच्या मायनं भाकरी थापल्या. जेवण झाल्यावर मी विचारलं, "रोलर कुणाला येतो?"

सातही जण एकमेकांकडं बघू लागले.

"कुणालाच न्हाई?"

त्यातला एक म्हणाला, "न्हाई जी. ज्याला येतो त्यो आला न्हाई. पोशट्टी मिस्त्री. त्यानंच धाडलंय आमाला. म्हणला, आधी जाऊन बघून या, शेठ कसा हाय ते!"

म्हणजे मी माणूस बघायला निघालो होतो आणि माणसानं आम्हालाच बघायला सात जण पाठवले होते!

मी म्हणालो, "मग? काय सांगणार?"

तो म्हणाला, "शेठ बघितलाच न्हाई अजून. पन भाकरी चांगली होती म्हणून सांगतो."

ते गेल्यावर गिरजा भांडी उचलताना म्हणाली, "आबा, त्यो खांबाजवळ बसला हुता न्हाई का, त्याला ठिवून घ्यायचं. सगळ्यांना पाणी वाढून मग स्वतः प्याला." मी निरोप पाठवून त्याला बोलावून घेतलं. त्या माणसानं पुढं सोळा वर्षं मिलचं गोदाम सांभाळलं. पोत्याला हात माझा होता. नजर कुणाची, ते मी शेठला सांगितलं नाही.

*

मग मीच गेलो हिमायतनगरला.

पोशट्टी मिस्त्री म्हणजे काळासावळा, सुकलेला माणूस. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. दारात लिंब. मी जाऊन लिंबाखाली बसलो. कामाचा विषय काढला नाही. चांगल्या माणसाकडं गेल्या गेल्या कामाचं बोललं की त्याला वाटतं, हा घाईत आहे, आणि घाईतल्या माणसाकडं कुणी जात नाही. पहिल्या दिवशी आम्ही विहिरीचं बोललो. दुसऱ्या दिवशी बैलाचं. तिसऱ्या दिवशी काहीच बोललो नाही, नुसतं बसलो. मुक्काम जवळच्या मठात होता.

चौथ्या दिवशी मिस्त्रीची बायको घरातून ओरडली, "अवो, त्यो म्हातारा चार दिस झाले दारात बसून राहिला. लई गरिबाचा दिसतो. त्याला काहीतरी काम द्या की!"

पोशट्टी हसला. मी पण हसलो. मग तो म्हणाला, "तुमी लातूरचे, मला ठाव हाय. एकच सांगा. तिथलं पाणी कसं हाय?"

 शेठनं सांगून पाठवलं होतं की काय वाटेल ते कबूल करा, पण मिस्त्री आणा. पण मी म्हणालो, "पाणी मचूळ हाय. चार दिवसाला येतं. कदी येत बी न्हाई."

मिस्त्री उठला आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"तीन जण येऊन गेले तुमच्याआधी," तो म्हणाला. "तिघं बी म्हनले, पाणी साखरंवानी गोड हाय! चला."

*

भोकरच्या एका पोराला शेठच्या मेव्हण्यानं पाठवलं होतं. हिशेबाला नाही, माल बघायला. हातात सर्टिफिकेटांचं भेंडोळं. शेठनं एकेक कागद वाचला, मान डोलावली आणि माझ्याकडं दिला. सगळं इंग्रजीत, मी उलटा धरला की सुलटा, कोण जाणे!

मी त्याला तुरीच्या पोत्याजवळ नेलं आणि म्हणालो, "बघा, माल कसा हाय."

त्यानं पोत्याच्या तोंडावरची मूठभर तूर घेतली, बघितली, म्हणाला, "एक नंबर!"

आता तोंडावर कुणीही चांगलाच माल ठेवतो. बाजारात शेंबडं पोरगंही आधी खाली हात घालतं.   शेठनीच खालून एक मूठ काढून त्याच्या हातावर ठेवली. निम्मी खडे आणि माती.

पोरगा हुशार होता, त्याला तिथल्या तिथं कळलं. कागद गुंडाळत म्हणाला, "मामा, मला वाटलं मी पोतं बघायलोय. तुमी तर मलाच बघायलात, वर कागद अन् खाली खडे!"

मला ते इतकं आवडलं की मी त्याला दुसऱ्या आडतीवर लावला. हात मीच दिला. आता तो स्वतः माणसं ठेवतो आणि कागद बघत नाही म्हणे.

*

राहिली वाळवणीची मुकादमीण. हे सगळ्यांत अवघड.

तूर रोलरवर ओरबाडायची, तेल चोळायचं आणि मिलच्या पटांगणात उन्हात पसरायची. चाळीस बायका दिवसभर ती पायांनी वर-खाली करतात. त्यांच्यावर एक बाई लागते, जी दाणा दातांखाली धरून सांगेल की वाळली का नाही. दाणा 'कट्ट' वाजला पाहिजे. लवकर उचलली तर साल सुटत नाही, उशिरा उचलली तर डाळ फुटते. मशीन कितीही भारी आणा, मिल त्या बाईच्या दातांवर चालते!

उदगीरची एक म्हातारी यात लई नावाजलेली. मी गेलो, हात जोडले, घेऊन आलो. सोबत तिची सून. शेठनं दाणा पुढं केला. म्हातारीनं तो घेतला आणि सुनेच्या तोंडात घातला! सुनेनं चावला. म्हातारी कान लावून म्हणाली, "एक ऊन आजून."

अगदी बरोबर! मिस्त्री पण म्हणाला, बरोबर.

शेठ म्हणाले, "आक्का, तुमी का न्हाई चावला?"

म्हातारीनं तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. "दात सुनेचे, कान माझे," ती म्हणाली.

दोन दिवस थोड्या तुरीवर चाचणी छान चालली. तिसऱ्या दिवशी सून पदर खोचून उभी राहिली. "मी चालले उदगीरला! घरी मला वसवस करायला ह्यांना दात लागत न्हाईत, हितंच बरे लागतेत!"

सून गेली. मग कान तरी थांबून काय करणार? म्हातारी पण गेली.

*

संक्रांत झाली. मला दुसरी बाई मिळेना. निलंगा झालं, औसा झालं, नांदेडला इतवाऱ्यात चार घरं झाली. जिला येत होतं तिला घर सोडता येत नव्हतं. जी घर सोडून यायला तयार होती तिला येत नव्हतं.

घरी गिरजाची माय एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जिल्हा भरून टाकला तुमी माणसांनी."

तिनं एक खडा बाजूला टाकला.

"लोह्याला सात वर्षं हिनं काय केलं, इचारलं कदी? दिराच्या गिरणीवर वाळवणच केलं. तिथं कुणी हिच्या इचारल्याबिगर तूर हलवत नव्हतं."

मला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? म्हणून तर मी निलंग्याला, औशाला, नांदेडला हिंडत होतो. रोज घरी आलो की ती भाकरी वाढायची, एक शब्द बोलायची नाही. दुसऱ्या कुणाला सांगून तिच्यासाठी हात लावून घेता आला असता. पण तो दुसऱ्याच्या बाहीतून काढलेला माझाच हात झाला असता. उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी मला त्यांची लाज वाटायची.

भिंतीला भिंत लागून खैरूनबी भाभींचं घर. नवरा भांड्यांना कल्हई करायचा, तो गेल्यावर त्या दाराबाहेर फारशा पडत नसत. आमचं बोलणं त्यांना ऐकू जायचं, त्यांचं आम्हाला. कुणी कुणाचं ऐकलं असं दाखवायचं नाही, एवढी शिस्त दोन्हीकडं होती.

*

आणि हा शेवटचा.

गिरजाचा दीर सकाळच्या गाडीनं आला. चहा प्याला आणि म्हणाला, "वहिनी, दुपारची गाडी हाय. पिशवी भरा."

मला मिलवर जायचं होतं. त्या दिवसापासून बायका कामाला लागणार होत्या. मी चप्पल घातली आणि निघालो. मागं वळून बघितलं नाही. बघवलं नाही.

पटांगणात चाळीस बायका कडेनं बसलेल्या. पोशट्टी मिस्त्रीनं दोन दिवसांपूर्वी थोडी तूर पसरून ठेवलेली, नवी तूर पोत्यांत. शेठ नवं धोतर नेसून उभे. म्हणाले, "नागूराव, मुकादमीण?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हणालो, "मिळाली न्हाई, शेठ. माझा शब्द खाली गेला."

 मिस्त्री पायानं माती उकरत राहिला.

इतक्यात फाटकातून खैरूनबी भाभी आल्या. काळा बुरखा, हातात काठी, दर चार पावलांना थांबत. बाजाराच्या बाजूला त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या मागं गिरजा, हातात पिशवी नव्हती.

भाभी शेठच्या पुढं उभ्या राहिल्या. "शेठ, तुमाला दातवाली पाहिजे म्हणं. आणली."

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

मिस्त्रीनं पसरलेल्या तुरीतले चार दाणे उचलले आणि गिरजाच्या हातावर ठेवले. तिनं एक दाणा चावला. मग दुसरा, वाळवणाच्या मधला मागून घेतला. म्हणाली, "कडंची वाळली. मधली आतून वली हाय. मधली बाहेर काढा, दोन उनं द्या."

मिस्त्रीनं स्वतः चावून बघितलं. "अवुनू," तो म्हणाला. त्याच्या भाषेत ते होय झालं. "दोनच."

शेठ म्हणाले, "काम तर येतं. पन रिवाज हाय. हात कुणाचा? नागूरावांचा चालत न्हाई."

भाभींनी काठी गिरजाकडं दिली, बुरख्यातून हात बाहेर काढला आणि नव्या तुरीच्या पहिल्या पोत्याचा कान धरला. शंभर किलोचं पोतं! त्या हाताला भांडं उचलतानाही कंप यायचा. दुसरा कान गिरजानं धरला. बायका उठून उभ्या राहिल्या. पोतं हललं, थोडं वर झालं, कलंडलं, आणि तूर पटांगणात पसरली.

मी धावत पुढं गेलो. भाभींच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "भाभी, हे काय केलं तुमी? मी सांगितलं नव्हतं. उद्या ही आली न्हाई तर महिनाभर तुमाला उन्हात उभं राहावं लागंल. ह्या वयात?"

भाभींनी माझ्याकडं नाही, खाली बघितलं. म्हणाल्या, "राहीन की. तुमी आधी बाजूला सरका, नागूभाई. तुमची सावली पडून राहिली तुरीवर."